फीचरआयडीई : आकृतीपेक्षा तर्कात उजवे

एकाच सॉफ्टवेअरची वेगवेगळी रूपे वेगवेगळ्या ग्राहकांना द्यायची असतात, तेव्हा कोणती सुविधा कशाबरोबर चालते याची नोंद बहुधा एखाद्या एक्सेल तक्त्यात, नाहीतर जुन्या सहकाऱ्याच्या डोक्यात असते. ही नोंद शिस्तीने ठेवता यावी म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने १९९० साली ‘फोडा’ (फीचर-ओरिएंटेड डोमेन अ‍ॅनालिसिस) पद्धतीतून फीचर मॉडेल, म्हणजे सुविधा (फीचर) आणि त्यांची परस्पर नाती झाडासारखी दाखवणारी आकृती, मांडले. एक्लिप्स या प्रोग्रामिंगच्या साधनावर चालणारे फीचरआयडीई हे मुक्त साधन त्याच वाटेवरचे आहे.

फीचरचे झाड काढणे सोपे आहे. अनिवार्य, ऐच्छिक, ‘यांपैकी एकच’ आणि ‘निदान एक’ ही नाती माऊसने जोडता येतात, तर फांद्या ओलांडणाऱ्या अटी तर्कसूत्रांत लिहाव्या लागतात. नुसती आकृती कोणतेही साधन काढून देईल. फीचरआयडीईची खरी किंमत त्यापुढे कळते.

समजा, कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणी ‘वाय-फाय’ किंवा ‘केबल’ यांपैकी एकच आहे. ‘क्लाउड साठवण’ अनिवार्य ठरली आणि तिला वाय-फाय लागते अशी अट कोणीतरी घातली, तर केबल आकृतीत दिसत राहते, पण एकाही ग्राहकाला ती निवडता येत नाही. फीचरआयडीई सॅट सॉल्व्हरच्या (सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येतात का हे तपासणाऱ्या प्रोग्रामच्या) मदतीने अशी ‘मृत’ फीचर हेरते आणि ती कोणत्या अटींमुळे मेली हेही दाखवते. शेकडो अटींच्या मॉडेलमध्ये ‘चूक आहे’ एवढेच कळून भागत नाही, म्हणून हे स्पष्टीकरण मला सर्वांत मोलाचे वाटते. कॉन्फिगरेशन करताना, म्हणजे एका ग्राहकासाठी फीचर निवडतानाही, एक निवड केली की तिच्यामुळे ठरणाऱ्या बाकीच्या निवडी आपोआप लागतात.

परस्परांवर अवलंबून नसलेली अवघी २० ऐच्छिक फीचर असली, तरी १०,४८,५७६ रूपे संभवतात. ती सगळी तपासणे अशक्य असल्याने, फीचरच्या जोड्या निदान एकदा तरी तपासल्या जातील असे मोजके नमुने हे साधन काढून देते.

तक्रारी मात्र आहेत. मॉडेल वाढले की आकृती पडद्यात मावत नाही. फांद्या मिटवता येतात, पण मग एकूण चित्र हरवते. अटींचा पाया होय-नाही तर्काचा असल्याने ‘एकूण मेमरी अमुकपेक्षा कमी’ असल्या बेरजेच्या अटी त्यात सरळ बसत नाहीत. एरवी एक्लिप्स न वापरणाऱ्याला तेवढ्यासाठी ते बसवावे लागते, हेही ओझेच. शिवाय मॉडेल मुळात एक्सएमएल फाइलीत साठत असल्याने, दोघांनी एकाच वेळी केलेले बदल गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) जुळवणे कटकटीचे होते. त्यामुळे नवे काम सुरू करणाऱ्यांनी यूव्हीएल या वाचायला सुटसुटीत मजकुरी भाषेतच मॉडेल ठेवावे.