ट्रान्समीटर एकाच्या हातात, कॅमेरा कुणाच्या?

मॉडेल विमानाचं उड्डाण टिपायला कॅमेरा घ्यायचा म्हटलं की चर्चा लगेच फोर-केवर, म्हणजे जास्त बारकाव्याच्या व्हिडिओवर येते. माझ्या मते आधी एवढंच ठरवा, की कॅमेरा धरणार कोण? उडवणाऱ्याचे दोन्ही हात ट्रान्समीटरवर (विमान चालवायच्या रिमोटवर) असतात आणि नजर विमानावरून हलवता येत नाही. एकटे उडवत असाल तर तुमचा कॅमेरा वेगळा आणि चित्रण करायला कुणी सोबत असेल तर वेगळा.

सोबत कुणी आहे असं धरून थोडं गणित करू. दीड मीटर पंखांचं विमान १०० मीटरवर आहे. भिंगाचा पल्ला मिमीत (फोकल लांबीत) सांगतात; आकडा जितका मोठा, तितकी चौकट अरुंद आणि विमान मोठं. मोबाइलचा मुख्य कॅमेरा फुल-फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या) हिशेबात साधारण २६ मिमीचा असतो. त्या अंतरावर त्याच्या चौकटीत जवळपास १३८ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. त्यात आपलं विमान फुल एचडीमध्ये आडवं वीसेक पिक्सेल, फोर-केमध्ये चाळीसेक. पुढचा-मागचा फरकही कळत नाही. ६०० मिमीला हीच चौकट ६ मीटरची होते आणि विमान तिचा चौथा हिस्सा व्यापतं. चाकं, ऐलेरॉनची (पंखामागच्या हलत्या पट्टीची) हालचाल, पंखावरची अक्षरं, सगळं दिसू लागतं. म्हणून मोबाइल धावपट्टीवरच्या तयारीसाठी ठीक, उड्डाणासाठी नाही.

मग झूम जितका मोठा तितका चांगला का? इथेच पुष्कळ जण चुकतात. निकॉन पी९०० (२०१५) २००० मिमीपर्यंत जातो, पी१००० (२०१८) तर ३००० मिमीपर्यंत. पण २००० मिमीला १०० मीटरवरची चौकट अवघी १.८ मीटरची. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारं विमान ती ०.०९ सेकंदात पार करतं. हाताने एवढं अचूक फिरवणं मला तरी अशक्य वाटतं. ४०० ते ६०० मिमी पुरे, आणि झूमची सुरुवात २५ मिमीच्या आसपास हवी, म्हणजे टेकऑफ आणि लँडिंगही त्याच कॅमेऱ्यात येतात.

या मापात दोन प्रकार नीट बसतात. पहिला ब्रिज कॅमेरा, म्हणजे न बदलणारी, लांब झूमची लेन्स असलेला. सोनी आरएक्स१० ४ (२०१७) चा झूम २४ ते ६०० मिमी आहे, सेन्सर एक इंची, वजन साधारण ११०० ग्रॅम. दुसरा हँडीकॅम. सोनी एएक्स५३ चा पल्ला सुमारे २७ ते ५३६ मिमी. त्याचा सेन्सर लहान, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात ब्रिज कॅमेऱ्याचं चित्र सरस. पण हँडीकॅमचा झूम बोटाच्या दाबाप्रमाणे हळू किंवा जलद चालतो आणि त्याचा आकार व्हिडिओसाठीच घडवलेला आहे. दहा मिनिटं सतत धरायचा असेल तर मी हँडीकॅमच उचलेन.

मिररलेसला (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याला) १००-४०० मिमीची लेन्स लावली तर चित्र या दोघांपेक्षा चांगलं येतं. शिवाय सोनी ए७आर ५ आणि कॅनन ईओएस आर६ मार्क २ या २०२२ च्या कॅमेऱ्यांत विमान ओळखणारा ऑटोफोकसही आहे. मात्र वजन दोन किलोच्या घरात जातं आणि विमान अगदी जवळून गेलं की १०० मिमीसुद्धा जास्त होतात. फोटोही काढायचे असतील तरच याचा विचार करा.

काहीही घ्या, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असलाच पाहिजे. यावर मी तडजोड करणार नाही. उन्हात मागचा पडदा दिसत नाही, आणि हात लांब करून धरलेला कॅमेरा डुलत राहतो. व्ह्यूफाइंडरला उजवा डोळा आणि डावा उघडा ठेवला, की चौकटीतून निसटलेलं विमान पुन्हा सापडतं. ऑलिंपसने २०१४ मध्ये एसपी-१०० या कॅमेऱ्यातच लाल ठिपक्याची डॉट साइट (ठिपका विमानावर धरून नेम साधायची छोटी काच) बसवली होती, पुढे ईई-१ नावाने ती वेगळीही आणली. कॅमेऱ्याला हॉट शू (वरती फ्लॅश लावायची खाच) असेल तर अशी साइट लावून पाहा. लांब झूमवर विमान शोधायला तिच्याइतकं सोपं साधन मी वापरलेलं नाही.

आता एकटे उडवणाऱ्यांचं. टोपीवर लावलेला ॲक्शन कॅमेरा तुम्ही पाहाल तिकडे पाहतो, पण त्याचं भिंग रुंद कोनाचं, त्यामुळे विमान पुन्हा ठिपकाच होतं. अपघातानंतर नेमकं काय घडलं हे तपासायला मात्र ते चित्रण उपयोगी पडतं. आठवणीत ठेवावंसं चित्रण हवं असेल तर कॅमेरा विमानावरच चढवा. गोप्रो हिरो १२ चं वजन १५४ ग्रॅम. एक किलोच्या फोमच्या विमानाला ते फार जड. इन्स्टा३६० गो ३ चा मूळ कॅमेरा ३५ ग्रॅमचा आहे, लहान विमानाला तोच झेपतो.

विमानावरच्या चित्रणात जेलीसारखं थरथरणारं चित्र येण्याचं कारण मोटरची कंपनं आणि सेन्सरचं ओळीओळीने वाचन. आधी प्रोपेलर बॅलन्स करा, कॅमेऱ्याखाली मऊ फोम टेप लावा आणि भिंगावर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच). फिल्टरमुळे शटर मंदावतं आणि प्रोपेलर वाकडातिकडा न दिसता धूसर चकती दिसतो. कॅमेरा बसवल्यावर गुरुत्वमध्य पुन्हा तपासा, कारण शेपटीकडे सरकलेल्या थोड्याशा वजनानेही विमान हाताबाहेर जाऊ शकतं.

जमिनीवरून चित्रण करताना ऑटोफोकस आकाशात भरकटतो. दूरच्या झाडावर फोकस करून तो मॅन्युअलवर ठेवा आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) थोडं वाढवा, नाहीतर उजळ आकाशापुढे विमान काळं दिसेल.