३१.२५ मेगाहर्ट्झचा आलेख दाखवून मला गंडवलं. डीडीएस मॉड्यूल घेण्याआधी हे वाचा

शॉर्टवेव्ह रिसीव्हरच्या लोकल ऑसिलेटरसाठी (स्टेशन निवडायला लागणारा आतला सिग्नल देणारा भाग) मी एक डीडीएस मॉड्यूल, म्हणजे दिलेल्या आकड्यावरून हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट, ऑनलाइन मागवलं. जाहिरातीत १२५ मेगाहर्ट्झ क्लॉक, '३२ बिट अचूकता' आणि 'स्पर ८० डीबी खाली' असं ठळक लिहिलेलं. स्पर म्हणजे हव्या त्या सिग्नलसोबत उगवणारे नको असलेले सिग्नल. पुरावा म्हणून स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचा आलेख: मधोमध ३१.२५ मेगाहर्ट्झची उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना स्वच्छ तळ. पूर्ण बँडमध्ये सिग्नल असाच मिळेल का, हे मी लेखी विचारलं होतं. 'हो, सगळीकडे असाच' असं लेखी उत्तर आलं.

मॉड्यूल जोडलं आणि रिसीव्हरवर भलत्याच ठिकाणी भलतीच स्टेशनं ऐकू यायला लागली. म्हणून ते एका मित्राच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅनालायझरला लावलं. ३१ मेगाहर्ट्झ सेट केल्यावर ३० आणि ३२ मेगाहर्ट्झवर असे दोन स्पर, कोंबांसारखे, ठळक उभे होते. त्यातला मोठा कॅरियरपेक्षा, म्हणजे ३१ च्या मुख्य सिग्नलपेक्षा, जेमतेम ४५ डीबी खाली. कुठे ४५, कुठे ८०!

हे कोंब येतात कुठून? डॅक (आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग) पूर्ण सरळ नसतो, त्यामुळे हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल, तयार होतात आणि क्लॉकच्या भोवती दुमडून परत आपल्या बँडमध्ये शिरतात. ३१ ची तिसरी हार्मोनिक ९३. १२५ मधून ती वजा केली की उरतात ३२. पाचवी १५५, त्यातून १२५ गेले की ३०. कॅरियरला इतके चिकटून असल्यामुळे लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) त्यांचं काहीही वाकडं करू शकत नाही.

मग मी फ्रिक्वेन्सी हळूहळू वर नेली. ३१.१ ला ३२ वरचा कोंब ३१.७ वर सरकला, ३० वरचा ३०.५ वर आला. कॅरियर जितका पुढे जाईल तितके दोघे दोन बाजूंनी त्याच्याकडे धावत होते. बरोबर ३१.२५ ला दोघेही कॅरियरच्या रेघेतच गडप! स्क्रीनवर अगदी जाहिरातीतला आलेख.

३१.२५ म्हणजे १२५ चा नेमका चौथा भाग. तिथे तिसरी आणि पाचवी हार्मोनिक दुमडून थेट कॅरियरवरच पडते. ट्यूनिंग वर्डमध्ये (फ्रिक्वेन्सी ठरवणारा आकडा) एकच बिट चालू, खालची सगळी शून्य, त्यामुळे फेजचे खालचे बिट छाटल्याने होणारे स्परही तिथे नसतात. दोष सगळे जागच्या जागी असतात, फक्त दिसत नाहीत. ही फ्रिक्वेन्सी योगायोगाने निवडली गेली, हे मला पटत नाही. आलेख खरा होता, म्हणूनच ही लबाडी जास्त संतापजनक वाटते.

'३२ बिट' हीसुद्धा धूळफेकच. ते बिट फेज अ‍ॅक्युम्युलेटरचे, म्हणजे क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला ट्यूनिंग वर्ड मिळवत जाणाऱ्या बेरजेचे. त्यातून फ्रिक्वेन्सीची पायरी बारीक मिळते, १२५ मेगाहर्ट्झ क्लॉकवर सुमारे ०.०२९ हर्ट्झची. शुद्धतेसाठी बघायचा तो डॅक, आणि तो निघाला १० बिटांचा. आदर्श १० बिट डॅकलासुद्धा क्वांटायझेशनच्या (मोजक्याच पायऱ्यांत बसवताना होणाऱ्या चुकीच्या) एकूण गोंगाटापेक्षा सिग्नल फक्त ६२ डीबी वर मिळतो. हा आकडा जाहिरातीत कुठेच नव्हता.

विक्रेत्याचं म्हणणं एकच: 'आलेख खरा आहे, परतावा मिळणार नाही.' त्याच्याच लेखी उत्तराची प्रत आणि माझी मोजमापं पाठवल्यापासून तो गप्प आहे.

तुम्ही घेणार असाल तर आलेख तुम्ही सांगाल त्या फ्रिक्वेन्सीचा मागा, क्लॉकच्या साध्या अपूर्णांकापासून जरा बाजूला. १२५ च्या क्लॉकला ३१ चा आणि ४० चा मागा. स्पॅन (आलेखातला फ्रिक्वेन्सीचा पट्टा) शून्यापासून क्लॉकच्या पलीकडेपर्यंत असू द्या, कारण ४० ला १२५ वजा ४० म्हणजे ८५ वर त्याची प्रतिमा, म्हणजे नको असलेली नक्कल, येते आणि फिल्टर नसेल तर ती कॅरियरपेक्षा जेमतेम साडेसहा डीबी खाली असते. विकणारा एवढं मोजून द्यायला टाळाटाळ करत असेल तर पैसे पाठवू नका. आणि त्याच आलेखाचं मॉड्यूल आधीच घेतलं असेल, तर ३०.९, ३१ आणि ३१.२५ चे स्क्रीनशॉट काढून परताव्याच्या मुदतीतच तक्रार नोंदवा.