साताऱ्यात नवी गाडी: सीएनजी की इलेक्ट्रिक?

नॉर्वेत 2024 मध्ये विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. तिथल्या लोकांना पर्यावरणाचा फार पुळका आहे असं नाही (देश श्रीमंत झाला तो तेल विकूनच). पेट्रोल गाडीवर जबर कर आणि इलेक्ट्रिकला तेव्हा 5 लाख क्रोनरपर्यंतच्या किमतीवर 25 टक्के व्हॅट माफ होता, हे मुख्य कारण. आपल्याकडे इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्के. छोट्या पेट्रोल-सीएनजी गाडीवरचा मात्र सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 वर आला. फरक आटला.

सीएनजी स्वस्तात मिळते, गॅस संपला तरी पेट्रोल असतंच. पण डिकी टाकीनं खाल्लेली, पंपावर रांग, आणि यवतेश्वरचा घाट चढताना मागं तिघं बसले की गाडी कुंथते.

इलेक्ट्रिक चढाला दमदार. कासहून उतरताना तर थोडी वीज बॅटरीत परतही जाते. स्वतःचं घर, अंगणात मीटर असेल तर रात्री चार्जिंगला लावा आणि झोपा. मी डोळे झाकून हीच घेईन. फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये पॉइंटची परवानगी लेखी घ्यावी. ती मिळत नसेल तर सीएनजीच बरी.