शंभर कोणाखाली लिहायचे? टक्केवारीसाठी त्रैराशिक, गुणक आणि पट्टी

टक्केवारी कोणत्या पद्धतीने शिकवायला घ्यावी याचा विचार करत असाल, तर आधी हे एक गणित पाहा. एका वाचनालयाचे सभासद २० टक्क्यांनी वाढून ३६० झाले. आधी किती होते?

हे गणित मी वेगवेगळ्या वर्षी तीन पद्धतींनी शिकवले आहे : त्रैराशिकाने (तीन माहीत संख्यांवरून चौथी काढून), दशांश गुणकाने आणि पट्टी काढून. ‘भाग भागिले पूर्ण गुणिले शंभर’ हे सूत्र मी या तुलनेत वेगळे धरलेले नाही. ते त्रैराशिकच आहे, फक्त मधली पायरी गिळलेली. एकमान पद्धतीचेही तसेच. एका टक्क्यावर थांबून पुढे जायचे एवढाच फरक.

त्रैराशिकाबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंत प्रमाण (दिलेली राशी), फल (तिच्याशी जुळणारी राशी) आणि इच्छा (जिच्यासाठी उत्तर हवे ती) ही तीन नावे चालत आली. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा, झाले. ‘द.सा.द.शे.’ म्हणजे दर साल दर शेकडा हे शब्दच त्रैराशिकाचे आहेत. शंभराला इतके, तर इतक्याला किती. संख्या आडमुठ्या असल्या तरी ही पद्धत अडत नाही. ८४६ चे ३७ टक्के काढायचे तर ८४६ गुणिले ३७ भागिले १००, उत्तर ३१३.०२. पट्टी काढत बसणाऱ्याचे यात हसे होते. आणि ज्या मुलाला गुणाकार-भागाकार नीट येतो त्याला ती एका तासात येते, याचा मोह कोणत्याही शिक्षकाला होईल. मला झाला. बरीच वर्षे झाला.

मग वह्या तपासताना एक गोष्ट खुपायला लागली. वरच्या गणितात वहीमागून वहीत २८८ येत होते. मुले लिहीत होती : १०० टक्के म्हणजे ३६०, तर २० टक्के म्हणजे किती? ७२. ३६० वजा ७२, २८८. मांडणी स्वच्छ, बाण सरळ, गुणाकार बरोबर, उत्तराखाली दोन रेघा. त्या वहीत बोट ठेवायला जागाच नव्हती. पडताळा घेतला तर २८८ चे २० टक्के ५७.६ होतात, म्हणजे बेरीज ३४५.६ येते, ३६० नाही. पण पडताळा घेणार कोण?

तुम्ही म्हणाल, चुका सगळ्याच पद्धतींत होतात. होतात. मला चुकीपेक्षा चुकीचे न दिसणे जास्त टोचले. त्रैराशिकात बरोबर आणि चूक यांचा चेहरा एकच असतो. जुना नियम सांगतो की प्रमाण आणि इच्छा एका जातीचे हवेत, फल दुसऱ्या जातीचे. इथे १०० आणि २० दोन्ही टक्केच, ३६० सभासद. जात अगदी चोख जुळते, तरी उत्तर चुकते. नियम पाळूनच मूल खड्ड्यात जाते.

उपाय करून पाहिले. ‘मूळ म्हणजे शंभर’ असे फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर लिहून ठेवले. मुलांनी ते पाठ केले आणि ३६० लाच मूळ समजून पुन्हा २८८ आणले. एकीला विचारले, ३६० मूळ कशावरून? तिने शांतपणे सांगितले, ‘सर, मोठी संख्या ती शंभर.’ हा नियम मी शिकवलेला नव्हता. पण पहिल्या पंधरा दिवसांत मी दिलेल्या एकूण एक गणितात पूर्ण मोठे आणि भाग लहान होता, त्यामुळे तिने तो माझ्याच उदाहरणांतून रास्तपणे काढला होता. इथे माझी गाडी त्रैराशिकावरून उतरली.

पट्टी म्हणजे तरी काय? एक आडवी पट्टी, वरच्या कडेला संख्या, खालच्या कडेला टक्के. ० खाली ०. मग प्रश्न एकच : शंभर कोणाखाली? सभासद वाढून ३६० झाले, म्हणजे ३६० आजचा आकडा. वाढीआधीचा आकडा पट्टीवर त्याच्या डावीकडे कुठेतरी असणार आणि शंभर त्याच्याखाली येणार. ३६० च्या खाली १२०. शून्यापासून १२० पर्यंत २० टक्क्यांचे सहा तुकडे, ३६० भागिले ६ म्हणजे एका तुकड्यात ६०, आणि १०० पर्यंत पाच तुकडे, ३००. उत्तर येते हे आहेच, पण ज्याने ३६० खाली शंभर लिहिले त्याची चूक मला बाकांमधून फिरताना दोन हातांवरून दिसते. त्याला रागवावे लागत नाही. ‘मग १२० च्या वर काय लिहू?’ एवढे विचारले की तो स्वतःच खोडरबर शोधतो.

आपल्या भाषेचीही यात थोडी खोडी आहे. ‘२० टक्क्यांनी वाढून’ म्हणताना कशाचे २० टक्के, हे वाक्यात येतच नाही. ‘३६० चे २० टक्के’ यात तो ‘चे’ वाट दाखवतो. ‘नी वाढून’ काही दाखवत नाही. ‘पेक्षा’ मात्र इमानदार शब्द आहे. ‘पहिली टाकी दुसरीपेक्षा २५ टक्के मोठी’ असे म्हटले की ‘पेक्षा’ ज्याला चिकटला, त्याच्याखाली शंभर. दुसरीखाली १००, पहिलीखाली १२५. आता उलट विचारा : दुसरी पहिलीपेक्षा किती टक्के लहान? ‘पेक्षा’ आता पहिलीला चिकटला, म्हणून शंभर तिच्याखाली सरकले आणि दुसरीखाली ८० आले. वीस टक्के लहान. पंचवीस मोठी आणि वीसच लहान हे मुलांना चमत्कार वाटते. पट्टीखाली टक्क्यांची दुसरी ओळ वेगळ्या रंगाने लिहिली की चमत्कार उरत नाही.

गुणकाची गोष्ट वेगळी. त्याला मी पट्टीपेक्षा कमी लेखत नाही. काही गणितांत तो पट्टीला सरळ मागे टाकतो. २० टक्के वाढ म्हणजे गुणिले १.२, २० टक्के घट म्हणजे गुणिले ०.८. आधी वाढ मग घट असो की आधी घट मग वाढ, १.२ गुणिले ०.८ म्हणजे ०.९६, म्हणून ४ टक्के तोटाच. क्रम बदलला तरी उत्तर तेच का, हे गुणकात एका दृष्टीत कळते. पट्टीत मात्र प्रत्येक बदलाला नवी पट्टी लागते, कारण शंभराची जागा बदलते. दर वर्षी ८ टक्के वाढ, तीन वर्षे : १.०८ तीनदा गुणले की १.२५९७१२ येते, म्हणजे २४ नव्हे तर जवळजवळ २६ टक्के. चक्रवाढीकडे जायचे असेल तर गुणकाला पर्याय नाही, असेच मला वाटते. वाचनालयाचे गणितही ३६० भागिले १.२ म्हणून एका ओळीत सुटते. पण ५ टक्के वाढीला १.५ लिहिणारी मुले दर वर्षी भेटतात. आणि जो १.२ ने भागायचे सोडून ०.८ ने गुणतो, त्याला तेच जुने २८८ मिळते. फक्त आता ते आणखी कमी जागेत लपलेले असते. दशांशाची पकड पक्की असलेल्या वर्गात कदाचित ही अडचण येणार नाही.

तोंडी तुकड्यांची पद्धत, म्हणजे १० टक्के, त्याचे निम्मे ५, मग १ टक्का, ही मी स्वतंत्र पद्धत मानत नाही. पट्टी काढणाऱ्याला ती आपोआप येते. जाता जाता एवढे मात्र मुलांना जरूर दाखवा : २५ चे १६ टक्के आणि १६ चे २५ टक्के सारखेच, ४. गुणाकाराचा क्रम बदलला, बाकी काही नाही. पण मुले दिवसभर अशा जोड्या शोधत बसतात.

पट्टीने माझे मन नक्की कोणत्या गणितावर वळवले, तेही सांगतो. शंभर किलो ओला लगदा, त्यात ९९ टक्के पाणी. वाळत ठेवल्यावर पाणी ९८ टक्क्यांवर आले. आता वजन किती? शिक्षकांच्या खोलीत विचारले तेव्हा बहुतेकांनी ९९ किलो सांगितले, आणि पहिल्यांदा ऐकले तेव्हा मीही तेच म्हटले होते. उत्तर ५० किलो आहे. वाळण्याआधी कोरडा भाग १ किलो, म्हणजे १ टक्का. वाळल्यावरही तो १ किलोच, पण आता त्याच्याखाली २ टक्के. १ किलोखाली २, तर १०० च्या वर ५०. त्रैराशिकाने हे येत नाही असे नाही, येते. पण कोणती राशी जागेवर राहिली आणि कोणती हलली हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवायला मला तरी पट्टीच काढावी लागली.

तेव्हा, पाठ लवकर उरकायचा असेल आणि गणिते सरळ ‘इतक्याचे इतके टक्के’ एवढीच असतील, तर त्रैराशिक घ्या, त्यात वावगे काही नाही. वर्ग दशांशात तयार असेल तर गुणकाकडे लवकर वळा. उलटी गणिते आणि ‘पेक्षा’ची गणिते यायची असतील, आणि ती येतातच, तर पहिले दोन आठवडे पट्टीला द्यावेत असे मी भीत भीत सुचवेन. मी आता पट्टीनेच सुरुवात करतो. गुणक नंतर पट्टीवरूनच वाचून घेतो, १२० म्हणजे १.२. त्रैराशिक सर्वांत शेवटी, पट्टीवरचे चार आकडे उचलून मांडायची रीत म्हणून. पट्टीत वेळ जातो, हे खरे. काही मुले पट्टी इतकी सुबक काढतात की गणित राहून जाते. त्यांच्याकडून मी मोजपट्टी काढून घेतो आणि हाताने काढायला सांगतो.

एक बारीक सूचना. चौकटी असलेल्या वहीत दहा घरांची पट्टी काढायला सांगितली तर एक घर म्हणजे १० टक्के, हे सोयीचे पडते. पण उजवीकडे पाच-सहा घरे मोकळी सोडायला पहिल्याच दिवशी सांगा. मी सांगितले नव्हते, आणि पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाचे १२० टक्के समासात लिहिलेले होते.