छोटा हत्ती 23 दिवस पोलीस स्टेशनात: आतबाहेरचा पूर्ण रिव्ह्यू

होमस्टेचे आणि मच्छी थाळीचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, पोलीस स्टेशनच्या आवारात गाडी ठेवायचा अनुभव कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय. ठाणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्राच्या अगदी कडेचं. नाव मुद्दाम देत नाही कारण केस अजून चालू आहे आणि तारखेला तिथल्याच लोकांची तोंडं बघायचीयत.

झालं असं की मे महिन्याचा दुसरा आठवडा, आमचा छोटा हत्ती (छोटा मालवाहू टेम्पो) 38 पेट्या हापूस घेऊन ट्रान्सपोर्टच्या गाडीला माल द्यायला निघालेला, चालवत होता माझा चुलतभाऊ, मी बाजूला. वळणावर बाईकवाला आला तो सरळ आमच्या पुढच्या कोपऱ्यावर. पायाला टाके पडले बिचाऱ्याच्या, हाड वाचलं. दवाखान्यात आम्हीच नेला. पण तक्रार झाली, भारतीय न्याय संहितेचं 281 (बेदरकार गाडी चालवणं) आणि 125 (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) लागलं आणि गाडी जप्त.

इथे एक गोष्ट सांगतो जी मला पण आधी माहीत नव्हती. गाडी अडकण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे लायसन नाही, रजिस्ट्रेशन नाही, परमिट नाही म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम 207 खाली अडकवतात, त्यात कागद घेऊन जायचं, दाखवायचं, दंड असेल तो भरायचा, गाडी सुटते, कोर्टाची ऑर्डर वगैरे लागत नाही. (कागद डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी चालतात, नियम 2018 मध्येच बदललाय, कोणी ओरिजिनलसाठी अडून बसला तर शांतपणे सांगा.) दुसरा प्रकार आमचा, गुन्ह्यातली गाडी. ती मुद्देमाल होते, म्हणजे केसमधला पुरावा. मुद्देमाल झाली की तुमचे कागद कितीही चोख असू देत, रस्ता कोर्टातून जातो.

आता सर्व्हिस. पहिलं चांगलं सांगतो. पेट्यांच्या बाबतीत ठाण्यातल्या लोकांनी कमाल केली. मी घाबरलेलो की आंबे पण मुद्देमालात जाणार आणि तारीख लागेपर्यंत तिथेच पिकून सडणार. पण ठाणे अंमलदार म्हणाले, "अपघाताचा आणि आंब्याचा काय संबंध, दुसरी गाडी बोलवा आणि माल हलवा." 38 पेट्या मोजल्या, पंचनाम्यात लिहिल्या, मालकाच्या ताब्यात दिल्या असं लिहून माझी सही घेतली आणि संध्याकाळपर्यंत माल मार्गाला लागला. एक पेटी सुद्धा कमी भरली नाही, कोणी "साहेबांसाठी दोन डझन" असं पण म्हणालं नाही, हे आवर्जून लिहितोय कारण आमच्याकडे लोक पोलिसांबद्दल वाट्टेल ते बोलतात.

आता पंचनामा, आणि हाच भाग नीट वाचा. हवालदार पॅड घेऊन गाडीभोवती फिरले, चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, इंजिन नंबर टॉर्च लावून वाचला, मग मोठ्याने एकेक बोलत गेले आणि दुसरा लिहीत गेला, पुढची काच आहे, उजवा आरसा फुटलेला, टायर चार, स्टेपनी एक, बॅटरी एक, म्युझिक सिस्टीम एक. दोन पंच होते, एक चहावाला आणि एक त्याच्याकडे चहा प्यायला आलेला. सोबत एक शिपाई मोबाईलवर शूटिंग करत होता, नवीन कायद्यात, म्हणजे 1 जुलै 2024 पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 105 खाली जप्तीचं आणि यादीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचंच असतं. सगळं व्यवस्थित चाललेलं. पण सीटखाली काय आहे ते कोणी बघितलंच नाही, सीट उचललीच नाही, आणि सीटखाली होता जॅक, व्हील पाना आणि नवी ताडपत्री. मी पण गप्प. डोकं पेट्यांमध्ये. "बरोबर आहे ना काका?" म्हणून हवालदारांनी विचारलं आणि मी हो म्हणून मोकळा झालो.

मग गाडी लावली आवारात, मागच्या आंब्याच्या झाडाखाली. तिथे आधीच एक रिक्षा, दोन बोलेरो आणि बाईकींचा ढीग, काही बाईकींमधून गवत उगवलेलं, एकीच्या टाकीवर पिंपळ. बघूनच पोटात गोळा आला. खारा वारा दिवसरात्र अंगावर घेणारी गाडी किती टिकणार. सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या केसमध्ये सांगून ठेवलंय की जप्त गाड्या ठाण्यात सडवत ठेवून काही उपयोग नाही, फोटो काढा, पंचनामा करा, बाँड घ्या आणि देऊन टाका. हे मला वकिलांनी सांगितलं, त्या पिंपळवाल्या बाईकला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

तपासणीला आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक यायला सहा दिवस लागले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 136 मध्ये लिहिलंय की फॉर्मॅलिटी पूर्ण झाल्यावर 24 तासांत गाडी परत द्यायची. पण सगळी मेख त्या "पूर्ण झाल्यावर"मध्ये आहे. निरीक्षक आले, ब्रेक बघितले, स्टिअरिंग बघितलं, वीस मिनिटांत आटपलं, वीस मिनिटांच्या कामाला सहा दिवस. मी ठाण्यातल्या साहेबांना म्हटलं आता द्या. कायद्यात पोलिसांना सुद्धा सोय आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये, ठेवायला जागेची अडचण असेल तर मालकाकडून बाँड घेऊन गाडी त्याच्या ताब्यात देता येते, आणि अडचण म्हणाल तर आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब म्हणाले, "ते सगळं खरं, पण तुम्ही कोर्टाची ऑर्डर आणा, आमची पण मान सुटते." त्यांचं पण चुकतं असं नाही, उद्या गाडी विकली गेली तर विचारणार त्यांनाच.

मग वकील, अर्ज, त्याच संहितेचं कलम 497 आणि 503. कोर्टाने पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला, त्यालाच आठ दिवस गेले, से मध्ये एक ओळ, "गाडी देण्यास हरकत नाही". इन्शुरन्स आणि फिटनेस चालू होतं म्हणून निभावलं. ऑर्डर झाली, 2 लाखांचा बाँड, 500 चा स्टॅम्प, अटी म्हणजे गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची, चारी बाजूंचे फोटो द्यायचे. वकिलांचे 3000. ठाण्यात कोणी एक रुपया मागितला नाही, हे पण लिहून ठेवा.

ताबा घ्यायला गेलो तेव्हा पहिला पाऊस पडून गेलेला. मुद्देमाल कारकून पंचनामा घेऊन आले आणि एकेक टिक करत गेले, स्टेपनी आहे, बॅटरी आहे (मेलेली, पण आहे), म्युझिक सिस्टीम आहे. यादीतलं सगळं जागेवर, खरंच सगळं. मग मी सीट उचलली. जॅक नाही, पाना नाही, ताडपत्री नाही. होते ते तांबडे हुमले (मोठ्या मुंग्या), पानांचं घरटंच करून बसलेले, हात घातला तो मनगटापर्यंत चावले. कारकून म्हणाले, "जॅक कुठे लिहिलाय ते दाखवा." व्हिडिओ दाखवा म्हटलं तर तो पण दाखवला त्यांनी, आणि व्हिडिओत सीट बंदच. जॅक कोणी नेला मला माहीत नाही, मागच्या भिंतीला खिंडार आहे, तिथून आख्खं गाव ये-जा करतं, त्यामुळे मी नाव कोणाचंच घेत नाही.

तर कोणावर अशी वेळ आली तर सीट उचला, डिकी उघडा, किलोमीटरचा आकडा आणि डिझेलचा काटा पण लिहायला लावा, हवालदार कंटाळले तरी लावा, ते लिहितात, नाही म्हणत नाहीत. बॅटरीची वायर काढून ठेवायची परवानगी मागा. स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढा. आणि पंचनाम्याची प्रत तिथल्या तिथे मागून घ्या, मी सात दिवसांनी मागितली तेव्हा झेरॉक्सवाला बंद होता.

गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना गंज आलाय, मेकॅनिक म्हणतो घासून ऑइल मारू. परवा पंक्चर झालं तेव्हा शेजाऱ्याचा जॅक आणला. रेटिंग म्हणाल तर आंब्यांना 5, पार्किंगला 1, वागणुकीला 4, एकूण 3 स्टार. जॅक मिळाला तर साडेतीन करतो.