बेस गिटार, तारा की कॅबिनेट : आवाजासाठी पैसे आधी कुठे घालावेत?

बेस घ्यायचा म्हटलं की आधी गिटारचा ब्रँड आणि रंग ठरतो, तारा दुकानातून आलेल्याच राहतात आणि स्पीकरच्या पेटीची, म्हणजे कॅबिनेटची, आठवण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी होते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाजवणाऱ्याने हा क्रम उलटा धरावा. पहिला प्रश्न एकच : तुमचा बेस लोकांच्या कानापर्यंत कशातून जाणार?

गणेशोत्सवातल्या मंडपात ऑर्केस्ट्रा असेल तर बेस डीआय बॉक्समधून (गिटारचा संकेत मिक्सरला चालेल असा करणारी छोटी डबी) थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जातो आणि बाहेर ऐकू येतो तो त्याच्या सबमधून, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरांतून. तुमचं कॅबिनेट तुम्हाला आणि ढोलकीवाल्याला ऐकू आलं की त्याचं काम झालं. तिथे महागडं कॅबिनेट नेऊन श्रोत्यांना काही फरक पडत नाही; फरक पडतो तो तारांनी आणि पिकअपने, म्हणजे तारेच्या कंपनाचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाने. उलट देवळाच्या सभामंडपातलं भजन, कॅम्पातल्या चर्चमधलं गायन किंवा लहान हॉलमधली भावगीतं, इथे कॅबिनेट हाच तुमचा आवाज.

गिटारमध्ये खरी निवड दोन घराण्यांतली. फेंडर या अमेरिकी कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला आणि त्याला आजचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ मध्ये मिळाला. हा पिकअप विजेची गुणगुण स्वतःच दाबून टाकतो, आणि आवाज मध्यावर भरीव असतो. हार्मोनियम, कीबोर्ड, ढोलकी सगळं एकदम सुरू असतानाही तो हरवत नाही. फेंडरचाच १९६० चा जॅझ बेस दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपचा. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले तर गुणगुण कटते. एक कमी केला की परत येते, आणि मंडपातल्या एलईडी माळा, डिमर यांच्याजवळ ती फार छळते. त्याच्या मागच्या पिकअपचा रेखीव, थोडा नाकातला आवाज मात्र वेगवान सुरावटींना आणि स्लॅपला (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याला) प्रिसिजनकडून मिळत नाही. नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) जॅझची मान सुमारे ३८ मिमी, प्रिसिजनची साधारण ४१ ते ४४. हात लहान असेल तर हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. ठरत नसेल तर पुढे प्रिसिजनचा आणि मागे जॅझचा पिकअप असलेली गिटार बघा. यामाहाची टीआरबीएक्स १७४ तशीच आहे. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारी, गिटार घेतलीत तर वाजवून झाल्यावर केबल काढायचीच, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी पेटीतल्या पेटीत संपते.

पाच तारांचा मोह इथे समजण्यासारखा आहे, कारण आपले गायक काळी एक, काळी दोन अशा हार्मोनियमच्या पट्ट्या सांगतात. चार तारांचा बेस खाली पांढरी तीनपर्यंतच उतरतो, ४१ हर्ट्झला. काळी एकचा षड्ज मग वरच्या सप्तकात, ए तारेच्या चौथ्या पडद्यावर घ्यावा लागतो. पाचव्या तारेवर तो दुसऱ्या पडद्यावर मिळतो, पण ३५ हर्ट्झच्या आसपास. दहा इंची स्पीकरचं साधं कॅबिनेट तिथे जवळजवळ गप्प असतं; कानाला पडतो तो मुख्यतः वरचा हार्मोनिक (उपस्वर). मोठे सब असतील तर पाच तारा घ्या. भजनाला चार पुरतात.

आता तारा. कमी पैशात सर्वांत मोठा बदल इथेच होतो, आणि दुर्लक्षही इथेच. निकेल मुलामा दिलेल्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारा उजळ आणि सगळीकडे चालणाऱ्या. स्टेनलेस स्टीलच्या आणखी चरचरीत, पण पडदे लवकर घासतात. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते : बोटाचा सरसर आवाज नाही, सूर गोल आणि लवकर विरणारा. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन प्रिसिजनवर याच वाजवायचा. भावगीत, भजन आणि जुन्या चित्रपटगीतांना आमचं मत ठामपणे फ्लॅटवाउंडकडे जातं, कारण डग्ग्याची घुमक आणि बेस दोन्ही वेगळे ऐकू येतात. किंमत राउंडवाउंडच्या दुपटीच्या घरात, पण त्या वर्षानुवर्षं टिकतात. राउंडवाउंडची चमक घामाने काही आठवड्यांत उतरते. पावसाळ्यात तर प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने तार खालून-वरून पुसायलाच हवी.

पहिल्यांदा ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) संच घ्या. बोटं कोवळी असतील तर ४० ते १००. बदलताना खुंटीच्या पुढे साधारण ११-१२ सेंमी तार ठेवा, आधी काटकोनात मुडपा आणि मगच कापा. सरळ कापलेल्या तारेची गुंडाळी आतून सुटते, मग ती तार मुकी होते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो, त्यामुळे मान वाकते. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून आठव्यावर तार आणि पडदा यांतली फट बघा : व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे ०.३ मिमीच्या आसपास, हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, एका वेळी तेवढाच. खानापूरकडच्या जुलैतल्या दमटपणात बसवलेली मान डिसेंबरच्या कोरड्या हवेत तशीच राहत नाही, म्हणून ही तपासणी वर्षातून दोनदा करा.

कॅबिनेटमध्ये इंचांपेक्षा पेटी महत्त्वाची. बंद पेटीत खालच्या सुरांकडे बेस हळूहळू कमी होतो आणि आवाज घट्ट राहतो; फरशीच्या, घुमणाऱ्या सभामंडपात हीच बरी. पोर्ट (हवेचं भोक) असलेली पेटी त्याच आकारात जास्त खोल जाते, पण पोर्ट ज्या सुराला बसवलेलं असतं त्याच्या खाली शंकूला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, आधार उरत नाही. पाचवी तार मोठ्याने वाजवली की तिथेच स्पीकर फाटतो. दोन दहा इंची भजनाला आणि तालमीला पुरेत. एक पंधरा इंची जास्त मऊ. चार दहा इंची खुल्या जागेसाठी, उचलायला दोन माणसं धरूनच. पेटी कोपऱ्यात ठेवली तर खालचा सूर फुगतो. आवाज चिखल वाटला तर ॲम्पच्या बटणांआधी पेटी भिंतीपासून हाताच्या अंतरावर ओढा.

आठ ओहमच्या दोन पेट्या जोडल्या की ॲम्पला चार ओहम दिसतात. ॲम्पची किमान मर्यादा मागच्या पाटीवर वाचा. ॲम्प ते पेटी केबल स्पीकरचीच हवी, गिटारची नको, ती तापते. मंडपात गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगचा अर्थिंगचा पाय कधीही तोडू नका. जनरेटरवर चालणाऱ्या स्टेजवर त्याने जीव जाऊ शकतो.

जुनी पेटी घेताना मोकळी ई तार हळूहळू मोठी करत वाजवा आणि खरखर ऐका. दोन जुन्या पेट्या एकत्र लावणार असाल तर १.५ व्होल्टच्या सेलने प्रत्येक तपासा : धन टोक धनाला लावलं की शंकू बाहेर आला पाहिजे. एकीचा बाहेर आणि दुसरीचा आत गेला तर पेटीतल्या वायरी उलट जोडल्या आहेत आणि दोन्ही सुरू केल्यावर बेस गायब होईल.