गार्बोचा दहा डिस्कचा सेट: आधी सेटवरच्या लोकांचं ऐका, मग सिनेमे लावा

स्वीडनहून हॉलीवूडला आलेली जुन्या जमान्यातली नटी ग्रेटा गार्बो, तिच्या जन्मशताब्दीला, म्हणजे 2005 ला, दहा डीव्हीडींचा 'सिग्नेचर कलेक्शन' निघाला होता त्याबद्दल लिहितोय. जुना माल आहे, रिजन 1 चा, म्हणजे अमेरिकेकडच्या प्लेअरसाठीचा आहे, त्यामुळे आधी आपला प्लेअर तो चालवतो का बघा आणि मगच पैसे टाका. आत सात बोलपट, दोन डिस्कवर तीन मूकपट, आणि एका डिस्कवर केविन ब्राउनलो आणि ख्रिस्तोफर बर्डचा माहितीपट, निवेदन ज्युली ख्रिस्तीचं. बहुतेक लोक माहितीपट आधी लावतात, मी म्हणेन तो शेवटी ठेवा. कारण त्यात सगळं आयुष्य येतं, स्टॉकहोमचं गरीब घर, न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गालांना साबण लावणारी पोरगी, 1925 ला हॉलीवूड, 1941 नंतर कायमचा रामराम, आणि मग आपण सिनेमे बघतो ते त्या 'गूढ बाई'च्या नादातच. आणि हे गूढ मला जरा बोअर होतं. ग्रँड हॉटेल सिनेमातला एकटं राहण्याबद्दलचा तिचा डायलॉग सगळ्यांना पाठ आहे, तो इथे परत नको.

त्यापेक्षा तिच्यासोबत रोज कामाला येणाऱ्या लोकांनी पुढे मुलाखतींत, आत्मचरित्रांत काय काय सांगून ठेवलंय ते डोक्यात घेऊन हे सिनेमे बघितले तर या सेटची खरी मजा येते. आणि ते सगळं शेजारी शेजारी ठेवलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते, कॅमेऱ्यामागच्या लोकांच्या आठवणी वेगळ्या आणि कॅमेऱ्यासमोरच्यांच्या वेगळ्या. मागचे लोक कामाबद्दल बोलतात. समोरचे बरेचसे आपला कसा पाणउतारा झाला ते सांगतात.

आता बेसिल रॅथबोन बघा. 1935 च्या अ‍ॅना कॅरेनिनात तो तिचा नवरा आहे, थंड, करकरीत, जबरदस्त काम. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की त्याने तिच्याकडे सही केलेला फोटो मागितला आणि तिने मी फोटो देत नाही म्हणून सरळ सांगून टाकलं, आणि गड्याला ते लागलं ते लागलंच. इंग्लिश नट लॉरेन्स ऑलिव्हिएचं तर त्याहून वाईट. 1933 च्या क्वीन क्रिस्तिनासाठी त्याला घेतलं होतं, तेव्हा पंचविशीतला पोरगा, त्याने सेटवर तिच्याशी ओळख करून घ्यायला येईल ते सगळं बोलून बघितलं, ही ढिम्म, शेवटी म्हणाली काय की आयुष्य म्हणजे तसंही दुखणंच आहे. रोल गेला जॉन गिल्बर्ट या नटाकडे. ऑलिव्हिएने पुढे हे सगळं हसत हसत सांगितलं, पण हसण्याखाली ओरखडा कळतो. मला वाटतं या दोघांनाही तिने काही वाईट वागवलं नव्हतं, फक्त नटानटांत जी एक गप्पा-चहा-मस्करीची देवाणघेवाण चालते ती तिने केली नाही, आणि स्टार लोकांना तेवढंही पुरतं.

जोन क्रॉफर्ड या नटीची आठवण मात्र गोड आहे. ग्रँड हॉटेलात दोघी आहेत पण एकत्र एकही सीन नाही. क्रॉफर्ड सांगायची की जिन्यात एकदा समोरासमोर आल्या, ती बाजूला व्हायला बघत होती तर गार्बोने तिचा चेहरा हातात धरला आणि म्हणाली, पहिलाच सिनेमा सोबत आणि एकत्र काम नाही, काय हे. क्रॉफर्ड गोष्ट रंगवून सांगण्यात वस्ताद होती हे धरूनही मला ही खरी वाटते.

कॅमेऱ्यामागे आलं की सूरच बदलतो. दिग्दर्शक क्लॅरेन्स ब्राउनने तिचे सात सिनेमे केले. तो सांगतो की ती इतकी लाजरी होती की तिला सूचना द्यायची तर कुजबुजूनच, आवाज चढवून कधीच नाही. शॉट व्हायचा, ठीक आहे पण खास नाही असं वाटायचं, आणि मग पडद्यावर क्लोजअप बघितला की तिथे असं काहीतरी दिसायचं जे फ्लोअरवर उभं राहून दिसलंच नव्हतं. त्याचं म्हणणं असं, एकाकडे प्रेमाने बघायचं आणि दुसऱ्याकडे मत्सराने बघायचं असेल तर तिला चेहरा बदलावा लागत नसे, डोळ्यांतच होतं सगळं. हे वाचून अ‍ॅना कॅरेनिना लावा. रॅथबोनकडे बघताना आणि मुलाकडे बघताना काय बदलतं ते शोधत बसा. सापडत नाही, आणि तरी कळतं.

याच ब्राउनची फ्लेश अँड द डेव्हिलची आठवण (हा यातल्या मूकपटांपैकी एक, 1926 चा) सगळ्यात भारी आहे. गार्बो आणि गिल्बर्टचा पहिला प्रेमाचा सीन सुरू झाला आणि दोघांना आजूबाजूला कोणी आहे याचं भानच राहिलं नाही, ब्राउनला आपण भलत्या ठिकाणी घुसलोय असं वाटायला लागलं. आता तो सीन बघा. नाटकी वगैरे काही नाही, शंभर वर्षांनीही आपल्यालाच जरा मान फिरवावीशी वाटते. या डिस्कवर पर्यायी शेवटही आहे, तो गंमत म्हणून एकदा बघायला ठीक.

विल्यम डॅनियल्स, एमजीएम या तिच्या स्टुडिओतल्या बहुतेक सिनेमांचा कॅमेरामन. तिच्या शॉटभोवती काळे पडदे लागायचे, ज्यांचं काम नाही ते सगळे बाहेर, संध्याकाळी पाचला पॅकअप, या गोष्टींचा पेपरवाल्यांनी केवढा बाऊ केला होता आणि डॅनियल्सचं उत्तर किती साधं, की तिला अनोळखी माणसं सेटवर आवडत नसत, बस. इंग्रजीचा न्यूनगंड होता थोडा, स्वभाव बुजरा. जॉर्ज क्युकरने, म्हणजे 1936 च्या कॅमिलच्या दिग्दर्शकाने, हेच तिच्या बाजूने सांगितलंय, की कोणी बघत असलं की मी कॅमेऱ्यासमोर तोंडं करणारी बाई होऊन जाते, असं ती त्याला म्हणाली होती. मला यात गूढ काही दिसत नाही. सुतार जसा कोणी डोक्यावर उभा राहिला की रंधा खाली ठेवतो तसं आहे हे. कॅमिलमध्ये तिने रॉबर्ट टेलरशीही अंतर ठेवलं, सभ्यपणे, कारण तो गोष्टीतला तिचा स्वप्नातला तरुण, त्याच्याशी चहा पीत मैत्री झाली तर स्वप्न कुठलं उरायला! कॅमिलच बघितला की पटतं, टेलर काही फार ग्रेट नट नाही, पण ती त्याच्याकडे बघते तेव्हा तो ग्रेट दिसतो.

क्वीन क्रिस्तिनाचा शेवट फेमस आहे, जहाजाच्या टोकाला उभी आणि कॅमेरा जवळ जवळ येतोय. दिग्दर्शक मामुलियनने तिला सांगितलं होतं की चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव, लिहायचं ते प्रेक्षक लिहितील. पण माझा आवडता सीन त्याच्या आधीचा, ती सरायच्या खोलीत एकेका वस्तूला हात लावत फिरते तो, जो त्याने मेट्रोनोमच्या, म्हणजे ठेका धरणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर करून घेतला. हे कळल्यावर तो सीन परत बघितला तर चालण्यात लय दिसायला लागते आणि मग ती दिसायची थांबतच नाही, म्हणजे थोडं नुकसानही आहे.

आता भांडणाचा मुद्दा, निनोच्का, 1939. दिग्दर्शक लुबिच सांगायचा की त्याने तिला विचारलं तुला हसता येतं का, ती म्हणाली उद्या सांगते, दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली हो येतं, आणि हसली, आणि ते हसू अप्रतिम होतं. सोबतचा हिरो मेल्विन डग्लसचं म्हणणं याच्या बरोबर उलट, की शूटिंगच्या वेळी तिच्या तोंडून साधं खिदळणंसुद्धा फुटत नव्हतं. दोघे एकाच सेटवर! गंमत म्हणजे तिच्याइतकं आखडलेलं माणूस क्वचितच बघितलं असं लुबिच स्वतःच म्हणायचा, म्हणजे डग्लस अगदीच थापा मारत नसणार. रेस्टॉरंटमध्ये ती हसते तो सीन आवाज बंद करून बघा, मग आवाज लावून बघा. मला खांदे खरे वाटतात, आवाजाचं सांगू शकत नाही.

बाकी डिस्कचं पटकन. माताहारी कपड्यांसाठी बघावा, गोष्ट पातळ आहे. अ‍ॅना ख्रिस्तीच्या डिस्कवर जाक फेदेरने केलेली जर्मन आवृत्तीही आहे, ती इंग्रजीपेक्षा कितीतरी मोकळी, आणि इंग्रजीचं दडपण नसताना ती कशी वावरते हे बघायला डॅनियल्सचं वाक्य लक्षात ठेवा. हरवलेल्या द डिव्हाइन वुमन या तिच्या मूकपटाचं उरलेलं एक रीळ मूकपटांसोबत दिलंय, ते नऊ मिनिटांचं बोनस सोनं आहे. क्युकरचाच टू फेस्ड वुमन, म्हणजे तिचा शेवटचा सिनेमा, यात नाही. डॅनियल्सवर वेगळी डिस्क नाही हे मला जास्त खटकलं, कारण आपण तिला रंगीत शूट करू शकलो नाही, ते निळे डोळे रंगात आले नाहीत, ही खंत तो शेवटपर्यंत सांगत राहिला, आणि दहा डिस्क बघून झाल्यावर ती आपलीही होते.

1949 ला पुनरागमनाचा विचार चालू असताना तिच्या स्क्रीन टेस्ट झाल्या होत्या, एक डॅनियल्सने घेतली आणि एक जेम्स वाँग हाउ या दुसऱ्या कॅमेरामनने. हाउ म्हणायचा की ती शर्यतीच्या घोड्यासारखी होती, आधी काहीच नाही, घंटा झाली की अंगात येतं. शॉट संपल्यावर तिने एवढंच विचारलं, पुरेसं झालं का? हो म्हटल्यावर, बरं, मी घरी जाते. सिनेमा काही झाला नाही.

घ्यायचा का? मूकपट आवडत असतील तर डोळे झाकून. फक्त एखादाच बघायचा असेल तर पूर्ण सेटच्या नादी लागू नका, निनोच्का सुटा बघा, आणि हसू आवडलं तर मग कॅमिल.